सेवकरामच्या अंगणातला एक आणा

मळणी आटोपून धान कोठीत गेलं, की गोंदिया जिल्ह्यात चमत्कारांचा हंगाम सुरू होतो. रोवणीच्या दिवसांत एकही महाराज इकडे फिरकत नाही. तेव्हा चिखलातून पाय काढून दुसऱ्याचे पाय धरायला कोणाला सवड असते?

तर पौषातली सकाळ होती आणि पिंपळटोल्याच्या सेवकराम पटलेच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. मुर्रीच्या बाया ऑटो करून आल्या होत्या. नागऱ्याहून ट्रॅक्टर भरून माणसं आली होती. अंगणाच्या मधोमध पाट, पाटावर लाल मखमलीची जाड गादी, गादीवर तांब्याचं एक नाणं आणि नाण्यामागे ताम्रनाथ महाराज. अंगात भगवं जाकीट, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात माइक.

"ध्यान से देखो, भाविकहो! हे साधंसुधं नाणं नाही. सन अठराशे अठरा! एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला 'यूके वन आना'. ईस्ट इंडिया कंपनीच्या साहेबानं आकाशातून वीज पडलेल्या तांब्यातून बनवलं. विलायतेची राणी म्हणाली, मला दे. साहेबानं दिलं नाही. त्यानं नवेगावचा तलाव खोदला आणि तळाशी हे पुरून टाकलं. दोनशे वर्षं तिथं होतं. मागच्या साली मला सपना पडला. आज अमेरिकेचे अंतराळवाले रोज फोन करतात, बाबा, नाणं द्या, रॉकेटमध्ये बसवायचं आहे. मी म्हणतो, नाही! ये मेरे गोंदिया की जनता का है!"

टाळ्या पडल्या. अमेरिकेला नकार दिलेला माणूस पिंपळटोल्यात पहिल्यांदाच आला होता.

पुढच्या रांगेत गावातल्या उमेंद्रची बायको रेणू बसली होती आणि तिच्या मांडीवर दहा वर्षांची टीना. टीनाला सिकलसेल. आजार रक्ताचा, जन्मापासूनचा. सरकारी दवाखान्याच्या रोजच्या गोळ्या, भरपूर पाणी, थंडीत जपणं, यांवर पोरीचं बरं चाललं होतं. गोळी चुकली की हाडं ठणकायची. रेणूच्या मागे उमेंद्रची मोठी बहीण शामकला उभी होती, टीनाची आत्या. नवरा गेल्यापासून ती भावाच्या शेजारच्या घरात राहायची आणि गोंदियाच्या रस्त्यावरच्या राइस मिलमध्ये कामाला जायची. वय पंचावन्न, जीभ तिखट, डोळे त्याहून तिखट.

"आता चमत्कार," महाराज म्हणाले. "माझा तांदूळ नको. सेवकरामभाऊ, तुमच्या कोठीतला आणा. कोणी म्हणायला नको, महाराजानं घरून आणला."

सेवकरामनं ताट भरून तांदूळ आणला. आता गोंदियाच्या माणसाला तुम्ही सोनं म्हणून पितळ विकू शकाल, पण तांदळात त्याला फसवून दाखवा. चारचौघांनी पुढं होऊन दाणा दाताखाली चावला, एकानं तळहातावर चोळून वास घेतला, एका म्हाताऱ्यानं तुकड्याचं प्रमाण पाहिलं. निकाल एकमतानं लागला: चिन्नोर जातीचा आहे, सेवकरामच्याच धानाच्या बांधीतला आहे, कसलीही भेसळ नाही.

महाराजांनी मान डोलावली, चांदीच्या डबीतून कुंकू काढलं, तुपाचं बोट लावलं आणि तांदळाच्या लालबुंद अक्षता केल्या. मंत्र म्हणत त्या नाण्याभोवती टाकल्या. आणि अक्षता चालू लागल्या. आधी एक, मग पाच, मग सगळ्याच. सरपटत नाण्याकडे गेल्या आणि त्याला चिकटून ताठ उभ्या राहिल्या.

अंगणातून असा श्वास निघाला की कोपऱ्यातली गाय दचकली.

"थांबा." मागून आवाज आला. इतिहास शिकवणारे भोजराज सर होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. "हे नाणं खोटं आहे. कंपनी सरकारनं कोणत्याच नाण्यावर हिंदू देवाचं चित्र छापलं नाही. सातवीतलं पोरगंसुद्धा सांगेल."

महाराज हसले. त्यांनी जाकिटातून मोबाईल काढला आणि सरांच्या नाकासमोर धरला. "मास्तर, मद्रास. कंपनीचं सोन्याचं नाणं. बीच में विष्णू भगवान, दोन्ही बाजूंना दोन देवी. म्युझियमचा फोटो आहे. स्वतःच्या फोनवर शोधा."

सरांनी शोधलं. फोटो खरा होता. कंपनीनं मद्रासेत तसली नाणी खरोखरच पाडली होती. सरांचे कान त्या अक्षतांच्या रंगाचे झाले आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या.

"अधुरा ज्ञान!" महाराज गरजले. "आता ऐका. माणसाच्या रक्तात लोहा असतो की नाही? डॉक्टर पण सांगतो. हे नाणं तांदूळ ओढतं, तसं खराब रक्त ओढतं. ज्याच्या घरी सिकलसेल असेल त्यानं अकरा दिवस नाणं बुडवलेलं पाणी प्यावं. पण एक शर्त. इंग्रजी गोळी बंद! दोन शक्ती एका शरीरात भांडतात."

रेणूनं टीनाला पुढं केलं. तांब्याभर पाणी घेतलं. शामकलाचं लक्ष अक्षतांवर होतं. दाणे ताठ उभे राहतात, काट्यांसारखे. हे असलं उभं राहणं तिनं कुठंतरी पाहिलं होतं, रोज पाहिलं होतं, पण कुठं ते आठवेना. प्रसाद म्हणून वाटलेल्या अक्षतांची चिमूट तिनं पदराला बांधली.

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये ते आठवलं. तिथं धान वरून पडतं त्या वाटेवर एक मोठं चुंबक बसवलेलं असतं. पोत्यातून आलेले खिळे, तारेचे तुकडे, गंजाची भुकटी त्याला चिकटते, नाहीतर यंत्राचं पातं जातं. हे चुंबक दर दोन तासांनी पुसायचं काम गेली वीस वर्षं शामकलाचं होतं. त्यावर लोखंडाची भुकटी काट्यांसारखी ताठ उभी राहते. तिनं पदराची गाठ सोडली आणि अक्षता चुंबकाजवळ नेल्या. त्या टपाटप चिकटल्या. मग तिनं मिलमधला साधा तांदूळ टाकला. तो घरंगळून खाली पडला.

"अगा बाप्पा," ती स्वतःशीच म्हणाली. "तांदूळ तर साऱ्यानं तपासला. कुंकू कोनं तपासलं?"

तिनं मिलच्या शेठजीकडून बदलून ठेवलेलं जुनं चुंबक मागून घेतलं. मुठीत मावेल एवढं, पण जोर असा की खिशातल्या किल्ल्या ओढून घ्यायचं. संध्याकाळी ते घेऊन ती तडक रेणूकडे गेली आणि तिच्यासमोर अक्षता ओढून दाखवल्या.

रेणूनं पाहिलं आणि म्हणाली, "मंग काय झालं, बाई? चुंबक बी ओढते, नानं बी ओढते. नानं दैवी चुंबक आहे म्हना."

"अवं, कुंकवात लोखंड आहे."

"तुमाले साऱ्यातच लोखंड दिसते. मिलमदे राहून राहून झालं तुमाले असं." मग तिचा आवाज उतरला. "दहा वर्सं गोळ्या देऊन राहिलो, बाई. डॉक्टर म्हनते, हे जन्मभर चालंल. जन्मभर! हा मानूस अकरा दिवस म्हनते. मी कोनाचं आयकू?"

जो जन्मभर म्हणतो तो खरं बोलतो आणि जो अकरा दिवस म्हणतो तो गोड बोलतो, एवढंच शामकलाला कळत होतं. पण आईला ते तोंडावर कसं सांगायचं?

बुधवारी टीनाचे गुडघे दुखू लागले. गुरुवारी पहाटे पोर कण्हत होती. रेणू म्हणाली, खराब रक्त निघून राहिलं आहे, महाराजांनी सांगितलंच होतं. उमेंद्र दारात उभा राहून कधी बायकोकडे, कधी बहिणीकडे बघत होता.

"गाडी काढ," शामकला त्याला म्हणाली. "दवाखान्यात नेऊ."

"रेणू नाई म्हनते. महाराजाले इचारून जाऊ म्हनते."

"बरं. महाराजाकडंच जाऊ. पर गाडीत पेट्रोल भरून ठेव."

वाटेत ती भोजराज सरांच्या घरी थांबली. सर चार दिवस शाळेखेरीज कुठं दिसले नव्हते. टेबलावर पुस्तकांचा ढीग होता.

"शामकलाबाई, मला सगळं सापडलं आहे," सर म्हणाले. "मी अंगणात उभा राहून अर्धा तास बोलतो."

"तुमी बोलाल, सर, पर लोक झोपतीन. आधी मी लोकायले जागं करतो. मंग तुमी बोला."

अंगण त्या दिवशीही भरलेलं होतं. महाराजांनी अक्षता टाकल्या, अक्षता नाण्याला चिकटल्या, जयजयकार झाला. तेवढ्यात शामकलाच्या तोंडून घुमल्यासारखा आवाज निघाला. तिनं अंबाडा सोडला, केस पिंजारले आणि झुलत झुलत पुढं आली. बायांनी वाट करून दिली. अंगात आलेल्या बाईला कोण अडवणार?

सेवकरामनं रीतीप्रमाणे हात जोडून विचारलं, "कोन आहेस तू, माय?"

"मी मिलवाली माय!"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. ही माय नवीन होती. पण नवीन देवाला नाही म्हणायची पद्धत त्या गावात नव्हती. एका बाईनं पटकन हळदकुंकू वाहिलं.

"या नाण्यात माहा अंश आहे," शामकला घुमत म्हणाली आणि पदराखालची मूठ पाटाकडे नेली. नाण्याला चिकटलेल्या अक्षता थरथरल्या आणि टपटप उडून तिच्या पदरावर जाऊन बसल्या. एकही दाणा नाण्याजवळ राहिला नाही.

मग जे झालं ते पाहण्यासारखं होतं. पहिल्यांदा सेवकराम आडवा झाला. त्यामागे मुर्रीच्या बाया. कोणी पाय धरले, कोणी पदर. आयुष्यभर तिच्याशी बांधावरून भांडलेला शेजारी नाक घासू लागला. रेणूसुद्धा टीनाला उचलून तिच्या पायांशी ठेवू लागली. एकटे ताम्रनाथ महाराज चष्मा काढून बघत होते. सोबत चमत्कार करणारं दुसरं कोणी आलं असतं, तर खरा महाराज आनंदला असता. हे घामाघूम झाले.

शामकला एकदम ताठ बसली, केस गुंडाळले आणि हसली.

"उठा बा. माह्या अंगात कोनी नाई, सकाळचा चहा आहे." तिनं मूठ उघडली. "हे मिलचं चुंबक. वीस वर्सं मी याले पुसून राहिलो."

ज्यांनी नाक घासलं होतं ते हळूच धूळ झटकू लागले.

"ये नाटक है!" महाराज ओरडले. "देवीचा अपमान!"

"नाटक तं आहेच. तुमचं बी अना माहं बी. आता फरक पाहा." तिनं पिशवीतून तांदूळ काढला. "सेवकरामभाऊ, वळखा."

सेवकरामनं सवयीनं दाणा चावला. "माहाच चिन्नोर आहे."

"काल वैनीकडून आनला. याले हळद लावून पिवळा केला. लग्नाचं बोलावनं द्याले आपन देतो ना, तसाच. महाराज, ओढा."

पिवळे तांदूळ नाण्याभोवती पडले आणि पडल्या जागी पडून राहिले. महाराज म्हणाले, हळदीनं दोष लागतो. एक म्हातारी तिथल्या तिथं म्हणाली, "हळदीनं दोष लागते? मंग आमचे लगन सारे खोटे काय गा?" आणि पहिल्यांदा हशा महाराजांच्या बाजूनं नाही, महाराजांवर झाला.

शामकलानं चांदीची डबी उचलून कागदावर उपडी केली. नुसतं कुंकू, एकही दाणा नाही. कागदाखालून चुंबक फिरवलं. कुंकू ताठ उभं राहिलं आणि चुंबकामागे कागदभर फिरलं. मग तिनं नाणं गादीवरून उचलून जमिनीवर ठेवलं आणि लाल अक्षता त्याच्याभोवती टाकल्या. दोनशे वर्षांची शक्ती ढिम्म हलली नाही.

"म्हंजे शक्ती गादीत होती," ती म्हणाली आणि हातातलं चुंबक मखमलीजवळ नेलं. गादी पाटावरून सरकली आणि ठक्कन येऊन तिच्या हाताला चिकटली. सेवकरामनं विळ्यानं शिवण उसवली. आतून नव्या चकचकीत चुंबकाची चकती निघाली.

महाराज उठले होते, पण उठून जायला वाट नव्हती. ज्या गर्दीचा त्यांना अभिमान होता तीच गर्दी दारात उभी होती.

शामकलानं बाही वर केली आणि चुंबक स्वतःच्या दंडावर फिरवलं. "रक्तात लोखंड आहे म्हनते ना? पाहा. ओढलं काय काही? काऊन नाई ओढलं, सर?"

भोजराज सर पुढं आले. "रक्तातलं लोह खिळ्यासारखं मोकळं नसतं. ते दुसऱ्या गोष्टींशी बांधलेलं असतं, म्हणून साधं चुंबक त्याला ओढत नाही. ओढलं असतं तर मिलमध्ये काम करणारी बाई रोज चुंबकाला चिकटली असती." लोक हसले. "पण आधी एक सांगतो. रविवारी मी चुकलो. कंपनीनं देवाची नाणी पाडली होती. त्याही आधी अकबर बादशहानं रामसीतेचं नाणं पाडलं होतं. मला हे माहीत नव्हतं आणि मी छातीठोकपणे उलट बोललो. एवढी एक खरी गोष्ट या माणसाला सापडली, आणि तिच्या आडोशाला त्यानं बाकीच्या सगळ्या थापा लपवल्या."

"कोणत्या थापा?" सेवकरामनं विचारलं.

"अठराशे अठरा साली एक आण्याचं नाणंच नव्हतं. पाव आणा, अर्धा आणा तेसुद्धा पुढं आले. अख्खा एक आणा टांकसाळीतून निघायला एकोणीसशे सात साल उजाडलं. तोवर कंपनी जाऊन पन्नास वर्षं झाली होती. असले रामदरबाराचे बिल्ले जत्रेत आजही मिळतात. आणि ती विलायतेची राणी? त्या साली तिथं राजा होता. राणी व्हिक्टोरियाचा तर जन्मही व्हायचा होता. जन्माआधी कोणी नाणं मागतं का?"

"अना तलाव?" मागून एक म्हातारा उठला. "गोऱ्या सायबानं खोदला म्हनते हा."

"नवेगावचा तलाव कोहळी समाजाच्या लोकांनी बांधला. इकडे इंग्रजांचं राज्य यायच्या कितीतरी आधी."

"मी कोहळीच आहो!" म्हातारा म्हणाला. "आमच्या पूर्वजायनं डोक्यावर माती वाहिली, अना मी चार दिवस इथं बसून सायबाच्या नावानं टाळ्या पिटून राहिलो. काऊन पिटल्या मी?"

टाळ्या सगळ्यांनीच पिटल्या होत्या.

सर म्हणाले, "पिटल्या कारण आपण अर्धंच तपासलं. तांदूळ चावून पाहिला, कारण तो आपला विषय. कुंकवाला हात लावला नाही, कारण ते पवित्र. फसवणारा आपल्या अज्ञानात लपत नाही. जिथं विचारायची आपल्याला लाज किंवा भीती वाटते, तिथं तो लपतो. देवावर श्रद्धा ठेवा, न ठेवा, तुमची मर्जी. पण कोणी औषध सोडा म्हणाला, तर त्याची डबी उपडी करून पाहा. आणि मी काही सांगितलं तरी तपासा. मी चुकतो, हे तुम्ही पाहिलंच आहे."

सरांनी पोलिस ठाण्याला फोन लावला. जादूटोण्याविरुद्ध राज्यात कायदा आहे, हे ताम्रनाथ महाराजांना ठाऊक असावं, कारण ते पाटावर गुमान बसून राहिले. नाव विचारल्यावर ते हळूच म्हणाले, "गजेंद्र."

या सगळ्यात रेणू कुठंच नव्हती. शामकलानं शोधलं तर ती अंगणाबाहेर भिंतीला टेकून उभी होती, टीना खांद्यावर. तिचे डोळे कोरडे होते.

"मीनं माह्या हातानं गोळ्या बंद केल्या, बाई. चार दिवस. पोरगी रडत होती अना मी म्हनत होतो, सोस."

शामकलाला तिला खूप काही सुनवायचं होतं. गेले चार दिवस ते जिभेवर तयार होतं. पण त्या तोंडाकडे पाहून तिला सुनेसारख्या या पोरीची फार दया आली, आणि स्वतःचा रागही आला, की सोमवारीच आपण हे का केलं नाही. "तू तिले बरं करासाठी केलं," ती म्हणाली. "हे मानूस त्याच्यावरच तं जगते. चाल, उमेंद्र गाडी घेऊन उभा आहे."

टीनाला गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात सलाइन लागलं. संध्याकाळपर्यंत ती हसू लागली आणि मिलवाली माय कशी घुमत होती ते करून दाखव म्हणून आत्याच्या मागे लागली. डॉक्टरांनी सांगितलं, वेळेत आणलंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शामकला मिलला निघाली, तर दारात एक अनोळखी तरुण बाई बसलेली. हातात नारळ, मांडीवर दोन वर्षांचं मूल. डिंपल तिचं नाव, पलीकडच्या टोल्यातली.

"मिलवाली माय तुमीच ना?"

शामकलानं कपाळावर हात मारला. मग पायरीवर बसली, पिशवीतून चुंबक काढलं, कुंकू काढलं, अक्षता काढल्या आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं करून दाखवलं. पिवळे तांदूळ, लाल तांदूळ, सगळं. बाईनं फार मन लावून पाहिलं. एकदोनदा तिनं बरोबर प्रश्नही विचारले.

"समजलं?"

"सारं समजलं, माय," डिंपल म्हणाली. "लोखंड असते. पर पोराच्या डोक्यावर एकडाव हात ठेवा ना."

शामकलानं हात ठेवला. आधी कपाळावर, मग गळ्याजवळ, मग पोटावर.

"ताप आहे," ती म्हणाली. "लई आहे. कधीपासून?"

"तीन दिवस."

"हातानं एवढंच समजते, बाई. याच्या पुढचं हाताले समजत नाई." तिनं चुंबक पिशवीत टाकलं, मूल स्वतःच्या कडेवर घेतलं आणि दाराला कुलूप लावलं. "मिलले आज उशीर होईन तं होवो. नारळ राहू दे तुह्याजवळ. चाल, साडेआठची बस सुटंल."